कुसुमताईंची रिकामी वाटी

सातपूरच्या कामगार वसाहतीत आम्ही राहायला गेलो, त्याच संध्याकाळी दारात एक ठेंगणी बाई रिकामी वाटी घेऊन उभी राहिली. "मी कुसुम पगारे, समोरची. विरजण हाय का?" सामानाची पोती अजून सुटली नव्हती, स्टोव्ह सापडत नव्हता आणि हिला विरजण हवं! मी फणकाऱ्यानेच म्हटलं, "अहो, घरात अजून दूधसुद्धा आलेलं नाही."

"बरं. मग उद्या तुम्ही माझ्याकडं या मागायला," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी गेले, तर फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्या खाली दह्याचं गाडगं काठोकाठ भरलेलं. मी चिडलेच. "एवढं दही असताना काल माझ्याकडे कशाला आलात?"

"मी काय दह्यासाठी आले व्हते?" वाटी भरत कुसुमताई म्हणाल्या. "शेजाऱ्याकडं मागायची लाज गेली, की माणूस तिथला झाला म्हणायचं."

कुसुमताई दिंडोरीकडच्या. संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडत बसायच्या, पण नजर गल्लीवर. कुणाची कोथिंबीर कुठे गेली, कुणाकडे चहापूड मागितली गेली, सगळं त्यांना ठाऊक. आमचे हे चेष्टा करत, "ताई, जकात नाक्यावर नोकरी धरा." त्यावर त्या म्हणत, "तिथं येणारा माल अडवत्यात. मी न येणाऱ्याकडं जाते." गल्लीतल्या भांडणांची त्यांना फिकीर नसे. "भांडत्यात म्हंजी बोलत्यात. ज्या घरातनं आठ-आठ दिस वाटी निघत नाय, ते घर आजारी समजावं." मला हे सगळं आगाऊपणाचं वाटायचं. पण माझ्या बाळंतपणात त्याच आगाऊ बाईने मला आईची आठवण येऊ दिली नाही.

ऐंशीच्या सुमारास कारखान्याला टाळं लागलं. गल्लीतल्या बहुतेक घरांचा पगार थांबला आणि हळूहळू वाट्याही थांबल्या. घेतलेलं परत कशातून करणार, म्हणून कुणी काही मागेना. दारं लोटलेली असत. कुसुमताई ओट्यावरून उठून माझ्याकडे आल्या. "गल्ली लय आजारी हाय. शेवटचं घर तर अंथरुणाला खिळलंय. चला."

शेवटच्या घरात सटाण्याकडची शेवंता राहायची. भांडी पोत्यात बांधून झाली होती. नवरा गावी परत जायचं म्हणत होता. तिला जायचं नव्हतं, पोरीची शाळा सुटणार होती. आता या तिला काहीतरी देणार, असं मला वाटलं. कुसुमताईंनी उलट मागितलं.

शेवंता ओशाळली. "आमना घरमा काय शे ताई देवाले?"

"पाटा हाय ना? माझा पाटा पार गुळगुळीत झालाय, टाकी लावायची राहिलीय. मिरची वाटू दे."

पाटा पोत्यातून बाहेर निघाला. कुसुमताईंनी तिथेच बसून चटणी वाटली आणि उठताना मोठा गोळा पाट्यावरच ठेवला. "दुसऱ्याचा पाटा कोरडा सोडू नाय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या यच्चयावत पाट्यांची टाकी एकदम कशी गेली, देव जाणे! सगळ्या बायका शेवंताकडे. कुणी डाळीचं वाटण मागे ठेवी, कुणी ओल्या खोबऱ्याचं. वाटता वाटता बोलणी सुरू झाली, बोलता बोलता रडणीही. कुसुमताईंच्या भावाच्या ओळखीने शेवंताच्या नवऱ्याला दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणीचं काम मिळालं. पोतं पुन्हा बांधलं गेलं नाही. आणि एके संध्याकाळी माझ्या दारात कुणाचं तरी पोर वाटी घेऊन आलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी साखर शीग लावून भरली.

कारखाना पुढे उघडला. काही वर्षांनी कुसुमताई जेमतेम आठवडाभराच्या तापात गेल्या. मला तो घाव सोसेना. समोरचा रिकामा ओटा दिसू नये म्हणून मी दार लावून बसू लागले. कुणाकडे जाणं नाही, काही मागणं नाही. यांनी समजावलं, मी त्यांच्यावरच डाफरले.

मग एका संध्याकाळी कडी वाजली. दारात शेवंता, हातात रिकामी वाटी.

"ताई, विरजण शे का?"

शेवंताने तोवर दोन म्हशी घेतल्या होत्या. अख्खी गल्ली तिच्याकडचं दही खायची.

"नाही गं," मी म्हटलं. "उद्या येते तुझ्याकडे मागायला."