सोपानतात्या आणि अंगावरचा काटा

समस्त मंडळींना अत्यंत जड अंतःकरणाने आणि तितक्याच जबाबदारीने कळवण्यात येतं, की रावेतमधल्या आमच्या सोसायटीचं देशप्रेम खातं कायमचं बंद झालं आहे. त्या खात्याचे प्रमुख, कारकून आणि शिपाई असे एकच गृहस्थ होते. त्यांचं नाव सोपानतात्या.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या तासभर आधी तात्या खालच्या मजल्यापासून बेल दाबायला सुरुवात करत. दार उघडेपर्यंत बोट काढत नसत. समोरच्याचे डोळे चोळून व्हायच्या आत प्रश्न येई, "झेंडा काय तुमच्या बेडरूममधी येनार हाय व्हय?" वरच्या मजल्यावरच्या एका आयटीवाल्याने एकदा सांगून पाहिलं, की मी बाल्कनीतूनच बघतो. तात्या म्हणाले, "बगा की. लगीन बी बाल्कनीतनंच लावलं व्हतं का?" तो मनुष्य मुकाट्याने खाली आला, तोही इस्त्रीचा शर्ट घालून.

एवढा अधिकार त्यांना कुणी दिला, असं विचारायची सोय नव्हती. आज जिथे आमच्या गाड्या उभ्या असतात, तिथे पूर्वी तात्यांचं वांग्यांचं वावर होतं. आकुर्डीच्या कारखान्यात फिटर म्हणून ते निवृत्त झाले, जमीन बिल्डरला दिली आणि बदल्यात त्यांना आमच्यात फ्लॅट मिळाला. आपल्या शेतात फार माणसं उगवली आहेत, अशा नजरेने ते आमच्याकडे बघत.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे आमचा रविवारच गुरुवारी उगवतो. त्याला जोडून एखादा राष्ट्रीय सण आला, की तात्या गाडी ठरवत आणि आम्हाला सिंहगड, रायगड, आगाखान पॅलेस असं कुठेतरी नेत. पोचल्यावर तपासणी. "काटा आला का? दाव हात." आमचं मनगट धरून, चष्मा कपाळावर चढवून ते बघत, कारखान्यात यंत्रावरून उतरलेला जॉब तपासून पास करतात तसं. रायगडावर मी वाऱ्याने कुडकुडत होतो, तेव्हा त्यांनी मला सोसायटीतला सर्वांत जाज्वल्य देशभक्त ठरवलं. मी खुलासा केला नाही. अशी पदवी कोण परत करतं?

खरं तर त्यांना काटा बघायचा होता तो एकाच हातावर. महेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन कॅनडाला गेला होता. एकदा पार्किंगमध्ये कुणीतरी तात्यांना सांगितलं, की पोरं तिकडे स्थायिक झाली की तिकडचं नागरिकत्व घेतात आणि आपला पासपोर्ट परत करतात. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या.

मला म्हणाले, "तिकडं नोकरी केली, घर घेतलं, मी काय म्हनलो न्हाई. पन पासपोट परत द्यायचा म्हंजी, राव, मग आपन कोन म्हून सांगायचं?"

"फोन करून विचारा ना."

"आन् व्हय म्हनला तर?"

म्हणून फोन केला नाही. गेल्या ऑगस्टमध्ये महेश सुट्टीवर आला, आणि पंधरा ऑगस्ट नेमका शुक्रवारी. तात्यांनी दिल्लीची तिकिटं काढली. तात्या, काकू, महेश आणि रजा टाकून साक्षीदार म्हणून मी. "एकदा तिथं उभा केला, की न्हाई सोडायचा त्यो देश," ते विमानात माझ्या कानात म्हणाले. कानात म्हणजे पुढच्या चार रांगांना ऐकू येईल इतपत.

पहिल्या संध्याकाळी आम्ही युद्धस्मारकावर गेलो. भिंतीवर कोरलेली जवानांची नावं महेश एकेक करून वाचत चालला होता. एका मराठी आडनावापाशी तो थांबला, त्यावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ वळलाच नाही. वळला तेव्हा डोळे भरले होते. तात्यांनी झडप घालून त्याचं मनगट धरलं. काटा आला होता, आणि वारा अजिबात नव्हता. तात्यांनी सगळ्यांना आइस्क्रीम घेतलं. स्वतःचं खाल्लं, मग माझंही खाल्लं. साखरेच्या आजाराचं नाव काढायची काकूंनाही हिंमत झाली नाही.

रविवारी लाल किल्ला. तिकिटाच्या रांगेत तात्या पुढे, आम्ही मागे. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी ऐटीत सांगितलं, "चार."

"तीन काढा, तात्या," महेश म्हणाला. "माझं मी काढतो."

"का? बापाचा पैसा चालत न्हाई का?"

महेश बाजूच्या खिडकीकडे गेला. तिथे कॅमेरे लटकवलेली दोन गोरी माणसं उभी होती. तात्या हसले. "अरं येड्या, ती परदेशी लोकांची खिडकी हाय."

महेशच्या हातात पासपोर्ट होता. त्याने तो उचलून दाखवला नाही, लपवलाही नाही. "व्हय, तात्या," तो म्हणाला. एरवी तो गावाकडचं बोलत नसे.

आम्ही तिघं तीन तिकिटं घेऊन बाजूला थांबलो. तो आला. तात्यांनी त्याच्या तिकिटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "येवढं म्हाग तिकीट काढलंयस, तर नीट बगून घे."

आत ते एका झाडाखाली बसले. महेश त्यांच्या शेजारी बसला. "परवाचा काटा खोटा नव्हता, तात्या."

"म्हाईत हाय. मी बगितला की." मग चष्मा पुसत, "म्हून तर."

पुढे काय, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही आणि मलाही नाही. परतल्यावर गाडी ठरवणं थांबलं. सोसायटीत कुणी विचारलं, की म्हणत, "गुडघं दुखत्यात." महेशचा फोन आला की बोलत, हवापाण्याचं विचारत, फोन काकूंकडे देत.

जानेवारीत, सव्वीस तारखेच्या सुट्टीला जोडून आलेल्या शनिवारी, पहाटे झोपेतच तात्या गेले. मी महेशला कळवलं. त्याचा ऑगस्टचा व्हिसा संपला होता. नवा हवा होता, आणि कॅनडातली आपली वकिलात तीन दिवस बंद. शनिवार, रविवार आणि वर प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. रावेतचे भाऊबंद म्हणाले, तेवढं थांबता यायचं नाही. हे सगळं काकूंना समजावायचं काम माझ्यावर आलं. मी शब्द जुळवत बोलत राहिलो, आणि त्या मान हलवत ऐकत राहिल्या.

शेवटी मी महेशला व्हिडिओ कॉल लावला आणि तात्यांचा चेहरा दिसेल असा फोन धरला. तिकडे रात्र होती. तो रडत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आई, व्हिसा नाही मिळाला गं."

काकूंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत त्याला विचारलं, "बापाकडं यायला बी कागद लागतो व्हय रं?"