पाय काढला होता

नोकरीतल्या बहुतेक घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र विसरावी म्हटलं तरी विसरता येत नाही.

मी तेव्हा जव्हारच्या पोलीस ठाण्यात होतो. मोखाड्याच्या बाजारातून परतणारी जीप घाटातल्या वळणावर उलटली. एक बाई जागीच गेली. चालक वाचला. पंचनाम्याची पायपीट करून आल्यावर त्याचा जबाब मीच घेतला.

"पाय काढला सायेब, पन गाडी आयकं नाय," हे एकच तो घोकत होता.

मी दमलो होतो. कागदावर लिहिलं, 'ब्रेक लागला नाही.' वाचून दाखवलं, त्याने मान हलवली. तपासणीत ब्रेक ठणठणीत निघाला आणि चालक खोटारडा ठरला. कलम जामिनाचं होतं; पण मेलेली बाई त्याच्याच पाड्यावरची, जामीन राहायला कोणी फिरकेना. तो तुरुंगात गेला.

पंधरवड्याने खबऱ्या म्हणाला, "साहेब, जीपमालक हल्ली गाडीला डबी बसवून घेतात. चौदा शिटा भरल्या तरी चढ पळत चढते."

डबी बसवणारा मेकॅनिक उचलला. दोन चहा पिऊन झाले तरी गडी कानावर हात ठेवून. मग अपघातातल्या जीपच्या ॲक्सिलरेटरच्या पॅडलजवळून काढलेली काळी डबी टेबलावर ठेवली, तेव्हा त्याचा आवाज खाली आला.

"आत मायक्रोकंट्रोलर आहे, म्हणजे बारकासा कॉम्प्युटरच. या गाडीला केबल नाही, पाय किती दाबला ते वायरीने इंजिनला कळतं. डबी मध्ये बसून ते वाढवून सांगते, मग डिझेल जास्त सुटतं."

"आणि पाय काढला तर?"

"तर तसं सांगते."

"नाही सांगितलं तर?"

त्याने डबी बोटाने दूर सारली. "अडकली, तर आधीचंच सांगत राहते. दुकानात एकदा अडकली होती."

मी जबाबाचा कागद काढला. त्यात 'पाय' हा शब्दच नव्हता. स्वतःची लाज वाटली.

मालक आणि मेकॅनिकवर गुन्हा दाखल झाला. मालकाने चालकाला डबीचा पत्ताही लागू दिला नव्हता. सुटल्यावर चालक लायसन न्यायला आला. मी विचारलं, "वाचून दाखवलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमी सायेब. मना वाटला, माजाच बोलना चुकला."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जबाब बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहिले. हाताखालची पोरं हसायची. हे शहाणपण मला दुसऱ्याच्या तुरुंगवासातून मिळालं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.