जयवंताचा फुगलेला सूर

जयवंत रेडिओवाला जुन्नरला माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यामुळे त्याच्या घरात काय शिजतं ते कधीकधी त्याच्या बायकोआधी मला कळतं. सत्त्याण्णव साली तिथून भाजीच्या फोडणीऐवजी वितळलेल्या कथलाचा वास येऊ लागला, आणि मी चहाच्या निमित्ताने आत शिरलो.

भानगड अशी होती. त्याची बायको यशोधरा बुद्ध-भीमगीतं गाते. बुद्धपौर्णिमेला तिच्या माहेरी, अवसरी बुद्रुकला, तिच्या पार्टीचा पहिला कार्यक्रम ठरलेला, आणि ऐनवेळी क्लॅरिनेटवाला दुसऱ्या पार्टीत पळाला. माहेरच्या माणसांसमोर नुसत्या ढोलकीवर उभं राहायचं तिच्या जिवावर आलं.

"येत न्हाई म्हणून कळवते," ती म्हणाली.

"कळवू नको. सूर मी देतो," जयवंत म्हणाला.

हा माणूस आंघोळ करताना गुणगुणला तर आळीतली कुत्री उठून जातात.

त्याने बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे वायरींनी एकमेकांना जोडले होते. पहिल्यावर खेळण्यातल्या पियानोच्या पट्ट्या. पट्टी दाबली की भुंग्यासारखी घरघर. तिसऱ्यात आवाज लहानमोठा करून कर्ण्याकडे धाडायची सोय.

"आन मधल्यात काय?" मी विचारलं.

"मधल्यात तुमी," तो म्हणाला. "हौशीरामभाऊ, हा फिल्टर. घरघरीत जाडबारीक सगळे सूर असत्यात, नळावरच्या गर्दीवानी. हे पहिलं बटण ठरवतं, त्यातलं कुणाचं ऐकायचं. हे दुसरं बटण रेझोनन्सचं. फिल्टरातनं निघालेला आवाज थोडा परत त्याच्याच कानात घालायचा. तुमी नळावर बातमी सोडता, ती आळीभर हिंडून तुमच्याकडंच येती, तुमी पुन्हा सोडता. दर फेरीला बातमी फुगती आन बाकीचा तपशील गळतो. शेवटी एकच उरतं, कोण कुणासंगं दिसलं. त्यालाच बँडविड्थ अरुंद झाली म्हणत्यात."

"आन लईच फुगवलं तर?"

"मंग कुणी काय न बोलता बी बातमी चालू ऱ्हाते."

यशोधरा तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग यायला हवा होता. पण उपमा इतकी नेमकी, की तासाभरात मीच ती नळावर सांगून आलो.

अवसरीत मंडप भरला, मीही सोबत गेलो होतो. रेझोनन्स अर्ध्यावर ठेवून जयवंताने पट्टी दाबली, तर क्लॅरिनेटचा सख्खा नाही पण चुलतभाऊ शोभेल असा आवाज निघाला. तेवढ्यात पुढं बसलेले त्याचे सासरे सावळेराम म्हणाले, "जावईबापू, बारीक वाटतंया. वाढवा की जरा."

भर मांडवात सासऱ्याला नाही कोण म्हणणार? घाईत हात तिसऱ्या डब्याऐवजी मधल्यावर गेला आणि रेझोनन्सचं बटण शेवटपर्यंत पिळलं गेलं. कर्ण्यातून एकच शिट्टी निघाली, बारीक आणि लांबलचक. ढोलकी थांबली. जयवंताने पट्टी सोडली, तरी शिट्टी चालूच. पहिल्या डब्याची वायर उपसली, तरी चालूच.

"वायर काढली तरी बोलतंयच की हे," सावळेराम म्हणाले.

"आमच्या आळीतलं हाय," मी म्हणालो.

यशोधराचा चेहरा उतरला होता. पोरंसोरं हसू लागली. ती माइकपासून मागं सरणार एवढ्यात गडबडलेल्या जयवंताने मधल्या डब्याचं पहिलं, कुणाचं ऐकायचं ते ठरवणारं बटण खाली फिरवलं, आणि शिट्टी बासरीसारखी घसरत अलगद खाली आली.

"थांबा, तिथंच," ती म्हणाली.

तोच सूर तिने षड्ज म्हणून धरला आणि डोळे मिटून गाणं उचललं. ती वर चढली की जयवंत बटण केसभर वर नेई, उतरली की केसभर खाली. आयुष्यभर रेडिओवर स्टेशनं धरणारा हात तो, बायकोचा गळा त्याने कुठंच सुटू दिला नाही. शेवटच्या कडव्याला म्हाताऱ्या बायका माना डोलवत होत्या, आणि मी चक्क गप्प बसलो होतो.

टाळ्या ओसरल्यावर सावळेराम म्हणाले, "जावईबापू, आणखी एक व्हऊ द्या."

"त्यास्नी काय इचारता, आबा?" माइक चालू आहे हे विसरून यशोधरा म्हणाली. "मला इचारा. ते माझ्या मागनं येत्यात."

सगळा मांडव हसला. जयवंतही हसला आणि बटणावर बोट ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसला.