पाटीलकाकांच्या रिपोर्टचं सहावं पान

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्याच दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर बसते. तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही.

ठाकुर्लीला माझा दवाखाना. तिथलेच पाटीलकाका, गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला नि वाचा गेली. मुलगा म्हणाला, डॉक्टर, ती मानसशास्त्रज्ञ करतात ना, मेंदूची सविस्तर तपासणी, ती करून घेऊ या का? मी चिठ्ठी दिली. विश्वासाने? छे! त्याची भुणभुण थांबावी म्हणून. एमआरआय हातात असताना तासन्‌तास चित्रं दाखवून नि ठोकळे मांडून वेगळं काय कळणार? मी त्याला पोरखेळ म्हणायचो. मोठा शहाणा लागून गेलो होतो ना!

ठाण्याच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन दिवस काकांसोबत घालवले, सात पानांचा रिपोर्ट पाठवला. मी पहिलं पान पाहिलं, मेंदूच्या इजेपुढचा 'तीव्र' हा शब्द वाचला आणि कागद फाइलला लावून टाकले. बाईंचा मुद्दाम फोन आला, तेव्हा म्हणालो — वाचला, छान आहे. धडधडीत खोटं.

आणि काकूंना? काकांच्या पलंगाशी उभं राहून सांगितलं — यांना आता काही कळत नाही.

मग काकू त्यांच्याशी बोलायच्या थांबल्या. कशाला बोलतील? पुढे एकदा घरच्यांनी काकांच्या उशाशी बसून त्यांचं दिवसकार्य कुठे करायचं तेही ठरवलं. मी होतो तिथे — चहा पीत. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले.

आठ महिन्यांनी काका गेले. त्यानंतर कपाट आवरताना तो रिपोर्ट हाती लागला. सहावं पान — बोलता येत नसलं तरी यांना बोललेलं समजतं. मान हलवून हो-नाही अचूक सांगतात. पत्नीने रोज यांच्याशी बोलावं. यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नये.

मी ते उभ्यानेच दोनदा वाचलं. लाज वाटली, अजून वाटते. पण लाज वाटून काकांना काय मिळालं?

काकू अजून बीपी तपासायला येतात. दर वेळी पदराने चष्मा पुसतात नि म्हणतात, "एक बरं झालं बघा डॉक्टर, त्यांना काही कळत नव्हतं."

मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत म्हणतो, "हो, काकू."

परवाही म्हणालो.