अँब्रोजची लांब वायर

अँब्रोज मिक्सर विकायचा. उथळसरला राहायचा आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंत फिरायचा. चौऱ्याऐंशी साली डोंबिवलीत रोज नवी बिल्डिंग उभी राहत होती, आणि प्रत्येक बिल्डिंगमध्ये पाट्यावर वाटून हात भरून आलेली एक तरी बाई असणार, यावर त्याचा देवाइतकाच विश्वास होता.

रेक्झिनच्या पिशवीत मशीन. दुसऱ्या पिशवीत नारळ, कोथिंबीर, मिरच्या, लिंबू. सगळं स्वतःचं. "गिऱ्हाइकाच्या नारळावर चटणी केली तर ती गिऱ्हाइकाची चटणी," तो म्हणायचा. "माझ्या नारळावर केली तर मी पाहुणा."

आणि मशीनच्या पिशवीच्या तळाशी एक लांब वायर. ती कंपनीची नव्हती. त्याने स्वतः विकत घेतली होती.

डोंबिवलीतल्या कोपरला परशुरामच्या घरी तो पहिल्यांदा आला, तेव्हा परशुराम कॉलेजात होता. आजी माजघरात जप करत होती. दारातल्या माणसाच्या गळ्यातला क्रूस तिला दिसला आणि जप थांबला. परशुरामची आई, विमलाबाई, स्वयंपाकघराच्या दारात अवघडून उभी राहिली. अँब्रोजने जणू काही पाहिलंच नाही. त्याने वायर काढली. तिचं एक टोक विमलाबाईंच्या हातात दिलं.

"वहिनी, एवढी पिन तुमच्या ओट्याजवळच्या बोर्डात लावा. मी बाहेरच बसतो. इथे उजेड बरा आहे."

उजेड बाहेर मुळीच बरा नव्हता. पण वायर स्वयंपाकघरातून निघाली, उंबरा ओलांडून बाहेरच्या खोलीत आली, आणि तिच्या टोकाला मशीन घेऊन अँब्रोज मांडी घालून बसला.

"झाकणावर हात ठेवायचा. दाबायचं नाही. पोर झोपवताना ठेवतो ना, तसा."

मशीन ओरडलं. आजीने कानांवर हात घेतले. मग त्याने बटण बंद केलं, बोट वर केलं आणि हळूच म्हणाला, "ऐका. बंद झाल्यावर घर किती शांत वाटतं. आजी, यासाठी तरी घ्या."

आजी हसली. आजी हसली म्हणजे मिक्सर घेतला गेला. पुढे कळलं, मशीन बंद केल्यावर हे शांततेचं वाक्य तो प्रत्येक घरी म्हणायचा.

त्यानंतर अँब्रोज येतच राहिला. कधी पात्याला धार लावायला, कधी वॉशर बदलायला. नवं मॉडेल आलं की विमलाबाई बिल्डिंगमधल्या बायका जमवायच्या आणि डेमो त्यांच्याच बाहेरच्या खोलीत व्हायचा. दुपारच्या उन्हात तो तिथेच टेकायचा. परशुराम मराठी घेऊन बी.ए. करत होता. अँब्रोज त्याच्या हातातलं पुस्तक उलटं करून मागची बाजू बघायचा.

"कवितेचं आहे?"

"हो."

"कठीण धंदा रे. डेमो न देता माल विकायचा."

त्या दोघांची मैत्री अशी जमली. वयात वीस वर्षांचं अंतर होतं. परशुरामने एकदा त्याला काका म्हणून पाहिलं. "काका तुझ्या बापाच्या भावाला म्हण. मी अँब्रोज." मग तो अँब्रोजच राहिला.

रविवारी परशुराम उथळसरला जाऊ लागला. बैठं घर, दारात तगरीचं झाड. घरातला अँब्रोज निराळा होता. कमी बोलायचा. मर्सीला, मुलीला, वेण्या तोच घालायचा, आणि वाकड्या घालायचा. दिवेलागणीला रोजरी, माळेची प्रार्थना, म्हणायला घरी पोचायचंच, हा त्याचा नेम. कल्याणच्या गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी चहाचा कप अर्धा ठेवून तो उठायचा. "बायको वाट बघते" असं सरळ सांगायचा. बायका हसायच्या. त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

आयरीनवहिनी मे महिन्यात वर्षाचा मसाला उखळात कांडायच्या. परशुरामने विचारलं, "मिक्सर विकणाऱ्याच्या घरी उखळ?"

"मी किती वेळा बोललो हिला," अँब्रोज म्हणाला.

"बोललास कवा?" आयरीनवहिनींनी मुसळ थांबवलं. "डेमोचं मशीन आहे, घरी वापरलं तर झिजेल, असं तूच सांगतोस. परशू, या माणसाने ठाण्याला मिक्सर दिला आणि मला मुसळ."

"मशीन कंपनीचं आहे गं. मुसळ आपलं आहे."

आजी सत्त्याऐंशी साली गेली. तरी वायर बाहेरच येत राहिली. आत या म्हणून कोणी म्हटलं नाही, नको म्हणूनही कोणी म्हटलं नाही. अँब्रोज यायचा, वायरीचं टोक विमलाबाईंच्या हातात द्यायचा आणि बाहेर बसायचा. काम झालं की ती हाताच्या कोपराभोवती गुंडाळून मर्सीच्या जुन्या रिबिनीने बांधायचा. सवयीचं झालं की माणसाला काही दिसत नाही.

एक्याण्णवच्या जानेवारीत, कल्याणला एका बिल्डिंगच्या जिन्यात, अँब्रोज बसला तो उठला नाही. वरच्या मजल्यावरची बाई वाट बघत होती. बसण्याआधी त्याने मशीन पायरीवर ठेवलं होतं, भिंतीच्या बाजूला, कोणाचा पाय लागू नये असं. मशीनवर ओरखडासुद्धा नव्हता. परशुरामला हे कळलं आणि त्याच्या डोक्यात एवढंच राहिलं. मशीन खाली ठेवायला वेळ मिळाला. मग हाक मारायला का नाही मिळाला?

दफनाला तो गेला. मूठभर माती टाकली. रडू आलं नाही. आयरीनवहिनीही रडल्या नव्हत्या. त्या काळ्या साडीत खुर्चीवर बसून होत्या आणि येणाऱ्याला "बसा" म्हणत होत्या. सातव्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा झाली. तेव्हाही तसंच.

पुढच्याच आठवड्यात सकाळी परशुराम उठला, तर विमलाबाई पांढरी सुती साडी नेसून तयार होत्या. पिशवीत तांदूळ, नारळ, कोथिंबिरीच्या जुड्या.

"कुठे?"

"अँब्रोजभाऊंचा तेरावा नाही का आज? बिल्डिंगमधल्या सगळ्या निघाल्यात. कल्याणच्याही येणार आहेत."

"आई, त्यांच्यात तेरावा नसतो."

"नसतो म्हणजे?"

"सातव्याला मिस्सा झाली. आता महिन्याला. आज काही नाही. त्यांना कल्पनाही नसेल."

विमलाबाईंनी पिशवीतला नारळ नीट खाली बसवला.

"त्यांच्यात नसेल. आपल्यात असतो ना? मग आपला माणूस गेला तर आपण कधी जायचं?"

परशुराम चप्पल घालून पुढे धावला. आयरीनवहिनींना निदान आधी सांगायला हवं होतं.

उथळसरच्या घरात शेवंती बसली होती. ती ठाण्यातल्या कोपरीची कोळीण. अँब्रोजकडून तिनेही मिक्सर घेतला होता, आणि तिच्या घरी वायर पिशवीतून कधी निघालीच नव्हती. तो थेट चुलीपाशी जाऊन बसायचा. तो गेल्यापासून शेवंती रोज डबा आणत होती. या घरची चूल पेटली नव्हती. आयरीनवहिनी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. मर्सी पाणी आणून द्यायची तेव्हा त्या प्यायच्या.

परशुरामने सांगितलं. तोपर्यंत कोणाकडेही न बघणाऱ्या आयरीनवहिनींनी मान वर केली.

"किती जणी?"

"वीसएक असतील."

"दुपारच्या वक्ताला?"

"हो."

"त्याच्या घरून कोण उपाशी गेलं नाय कधी." त्यांचा आवाज बारीक झाला. "पण त्या खातील काय माझ्या घरचं?"

"का नाय खाणार?" शेवंती म्हणाली. "सोन्याचे दात हायेत काय त्यांना?"

"तुला ठाव नाय. डोंबिवलीला तो बाहेरच बसायचा. वायर लावून. मला सांगायचा, हसायचा. बोलायचा, माझी वायर लांब आहे म्हणून माझा धंदा चालतो."



आयरीनवहिनी उठल्या. कोपऱ्यात मशीनची पिशवी तशीच होती. सोमवारी कंपनीचा माणूस ते न्यायला येणार होता. त्यांनी पिशवीच्या तळातून वायर काढली आणि रिबीन सोडली.

"परशू, ही आतल्या बोर्डाला लाव. मशीन बाहेरच ठेवू, त्यांच्यासमोर. त्यांच्याच नारळाची चटणी करते. शेवंती, तू तुझ्या वेगळ्या पातेल्यात भात लाव, बाहेर अंगणात. म्हणजे त्यांना माझ्या चुलीचं काय वाटायला नको."

"आयरीन, तुझ्याच घरात तू बाहेर बसणार?"

"लाव बोल्ले ना."

परशुरामने पिन लावली.

बायका आल्या. चपला काढून ओळीने चटईवर बसल्या. भिंतीवर येशूचं चित्र, शेजारी अँब्रोजचा फोटो. कोणी हात जोडले, कोणी हार घातला. कोणाला काय बोलावं कळेना. मर्सीने पाणी फिरवलं. सगळ्यांनी घेतलं.

आयरीनवहिनींनी स्टुलावर मशीन ठेवलं. "बसा," त्या म्हणाल्या. "मी इथंच करते. तुमच्यासमोर."

विमलाबाईंची नजर वायरीवर गेली. मशीनपासून जमिनीवरून, उंबऱ्यावरून, आत. सात वर्षं त्या वायरीचं टोक त्यांच्याच हातात दिलं गेलं होतं. त्या उठल्या. वायरीच्या मागे मागे चालत स्वयंपाकघरात गेल्या. आत खट् झालं. त्यांनी पिन काढली होती.

मग त्या परत आल्या, स्टुलावरचं मशीन वायरीतून सोडवून दोन्ही हातांनी उचललं आणि उंबऱ्यापाशी थांबल्या.

"आयरीन, मी आत येऊ?"

आयरीनवहिनींचा हात रिकाम्या स्टुलावरच राहिला.

"मी त्यांना कधी म्हटलं नाही गं. या म्हणून. आता तू मला म्हण."

शेवंतीने पदर तोंडाशी नेला. आयरीनवहिनींचे ओठ हलले. दोनदा हलले, मग शब्द आला.

"या."

आणि त्या स्वतःही आत गेल्या, तेरा दिवसांत पहिल्यांदा.

मागून कोणी नारळ घेऊन गेलं, कोणी कोथिंबीर. शेवंती अंगणातून पातेलं उचलून आत निघाली. "सरका गो जरा, एवढ्याशा खोलीत अख्खी डोंबिवली घुसली."

परशुराम बाहेरच राहिला. दोन्हीकडून सुटलेली वायर त्याच्यासमोर पडली होती. त्याने ती उचलली आणि अँब्रोजसारखी कोपराभोवती गुंडाळू लागला. वेटोळी सारखी बसत नव्हती.

आत मशीन सुरू झालं. त्या ओरडण्यातून आयरीनवहिनींचा आवाज आला, "दाबू नका, वहिनी. नुसता ठेवायचा हात. पोर झोपवताना ठेवतो ना, तसा." शेवटचा शब्द फाटला. मग त्या रडू लागल्या. मशीन कोणी बंद केलं नाही. विमलाबाईंनी ते गरजेपेक्षा बराच वेळ चालू ठेवलं. चटणीचं पाणी झालं असेल.

परशुरामने रिबीन बांधली. त्याला दिसेनासं झालं होतं, त्यामुळे गाठ वाकडी बसली.

मग बटण बंद झालं.

घर शांत झालं. आतल्या बायका, अंगणातली मर्सी, मांडीवर वायर घेतलेला परशुराम, सगळी क्षणभर तशीच थांबली. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या साऱ्या घरांना ठाऊक होतं, यानंतर अँब्रोजचं एक वाक्य यायचं असतं.