जशी होती तशी गाडी

थोरल्या दिरांनी हातात पाना घेतला की आता मला धडकीच भरते. पूर्वी असं नव्हतं. गाड्या सजवायचं त्यांचं दुकान आमच्या घराखालीच आहे. कंपनीतून आलेली कोरी गाडी त्यांना उघडीबोडकी वाटायची. "हिला जरा माणसात आणू या," म्हणायचे, आणि गिऱ्हाईक हो-नाही म्हणायच्या आत बॉनेट उघडलेलं असायचं. विचारणं हा प्रकारच त्यांच्या स्वभावात नाही. जाऊबाई म्हणतात, लग्नाला माझा होकारसुद्धा यांनीच परस्पर कळवून टाकला होता.

पुतणीने भाड्याने चालवायला स्वतःची गाडी घेतली, तेव्हा तर त्यांच्या उत्साहाला उधाण आलं. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, रुंद चाकं चढवली, पुढे डोळे दिपवणारे दिवे लावले. पोरीवरची माया त्यांना अशीच दाखवता येते.

"बाबा, विमा कंपनीला कळवायला हवं," पुतणी म्हणाली.

"आपल्या घराला रंग दिला तर गावभर सांगत फिरतो का आपण?"

कळवायचं राहूनच गेलं. मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं, पण थोरल्यांपुढे बोलायची माझी काय बिशाद!

मग व्हायचं ते झालं. सिग्नलला उभ्या असलेल्या तिच्या गाडीवर मागून ट्रक आदळला. डिकी चेपून मागच्या सीटला भिडली. पुतणी वाचली, मानेला पट्टा लागला. मोडकी गाडी ओढून आणून दुकानात ठेवली. तिचं पोट त्या गाडीवर. विम्याचा क्लेम मिळाला तर दुसरी गाडी, नाहीतर पुन्हा लोकांच्या गाड्यांवर बदली ड्रायव्हर.

नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर उद्या येणार असा निरोप आला आणि दीर जेवता जेवता ताटावरून उठले. दुपारी पुतणी औषधाच्या गुंगीत झोपली होती. खालून ठकठक ऐकू आली म्हणून मी गेले. शटर अर्धं ओढलेलं, दिवे उतरवलेले, जुनी बारीक चाकं भिंतीशी मांडलेली. त्यांच्या धंद्यात ही रीतच आहे: सर्व्हेअर यायच्या आधी गाडी 'मूळ' करून ठेवायची, म्हणजे न कळवलेल्या बदलांवरून क्लेम अडत नाही.

"भावजी, तिला विचारलंत का?"

"झोपू दे तिला. उठेल तेव्हा काळजी मिटलेली असेल."

घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. चढ्या आवाजात बोलणारा असता तर परवडला असता. हा शब्दच काढेना. गाडीभोवती फिरला, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, नटावरून बोट फिरवलं.

"हे हल्ली कोणी काढले होते?"

"छे! घेतल्यापासून कोणी हात लावलेला नाही," दीर म्हणाले.

त्याने मोबाईल त्यांच्यासमोर धरला. पुतणीने अपघात झाला तिथूनच कंपनीला फोटो पाठवले होते. रुंद चाकं, दिवे, सगळं त्यात होतं. खाली तिने लिहिलंही होतं, हे बदल केलेत, कळवायचं राहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"काका, ट्रक मागून आदळला. त्यात दिव्यांचा आणि चाकांचा काय संबंध? वाढीव सामान वगळून बाकीचं मंजूर करा, असंच मी लिहिणार होतो," तो म्हणाला. "आता गाडीत फेरफार करून खोटं सांगितलं, असं लिहावं लागेल, आणि मग क्लेम नामंजूर होतो."

"माझं नाव लिहा. तिला काही माहीत नाही हो!"

"क्लेम त्यांच्या नावावर आहे."

तो गेल्यावर आमचं लक्ष जिन्याकडे गेलं. पुतणी कठडा धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी बघतो, कंपनीत जाऊन मी..." दीर तिच्या दिशेने निघाले.

"बाबा, मी खरं सांगून मोकळी झाले होते," ती म्हणाली.

एक हात मानेच्या पट्ट्यावर ठेवून ती वर चढायला लागली. दीर मागोमाग दोन पायऱ्या चढले. वर तिने दार लावून घेतलं.