खजुराची शिंदी

माझ्या बाबांना एकच खूळ होतं. मुरबाडकडच्या आमच्या शेताच्या बांधावर एक शिंदी होती. तिला फळं भरपूर धरायची, पण खायला काय? नुसती बी आणि वर ताणून बसवलेली साल! आखातात नोकरी करून आलेल्या एका गाववाल्याने बाबांना सांगितलं, की तिकडे खजुराच्या नराचा फुलोरा आणून मादीच्या फुलोऱ्यात बांधतात, म्हणजे गरदार फळ धरतं. झालं! रस्त्यावरच्या एका बंगल्यात शोभेचा खजूर होता, नर. तिथल्या राखणदाराला तंबाखू देऊन बाबांनी फुलोरा मिळवला आणि शिंदीवर चढले. खालून आई ओरडत होती, "गावात लग्नं जमवायला पोरी कमी पडल्या काय तुमाला?"

त्या साली धरलेल्या फळांच्या बियांतून आलेल्या रोपांपैकी एकच जगलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न आटगावजवळच्या गावात झालं, तेव्हा बाबांनी ते तेलाच्या डब्यात घालून माझ्याबरोबर पाठवलं. सासरच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं, आमच्याकडे नसायचं, म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "लोकांच्या सुना भांडी आणतात, हिनं काटे आणले." सासऱ्यांनी मात्र स्वतः खड्डा खणला, गुरांपासून राखायला भोवती कूड घातला. "व्याह्यांचं नातवंड हाय ह्ये," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

झाड वेगळंच वाढलं. पाती शिंदीपेक्षा रुंद, निळसर झाक असलेली. असलं झाड आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. बाबा आले की पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून आधी परसात. "मादी निघाली तर फळ धरंल गो. गर कसा हाय, एकदा तोंडात घालून बघायचा. मग मी मोकळा."

खूप वर्षांनी, एका थंडीत, पातींच्या बेचक्यात फुलाची पहिली पोय दिसली, अजून मिटलेली. मला इतका आनंद झाला की शहापूरच्या बाजारात गेल्याबरोबर बूथवरून फोन केला आणि बाबांच्या शेजारच्या दुकानात निरोप ठेवला. रविवारी येतो, असा त्यांचा उलट निरोप आला.

शनिवारी सासरे राबासाठी टहाळ तोडत होते. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे जमीन भाजतात, त्याला फांद्या लागतात. त्यासाठी ऐनाचा शेंडा छाटायचा, की पुढच्या साली तो झुपक्याने फुटतो. मी विहिरीवरून आले तर टहाळाच्या ढिगावर माझ्या झाडाचं डोकं पडलेलं, आणि सासरे कोयता हातात घेऊन हसतायत!

"मामा! काय केलंत हे?"

"शेंडा मारला. उद्या व्याही यायचे ना? एका जागी चार फुटतील बघ."

"अहो, शिंदीला शेंडा गेला की संपलं!"

"शिंदीचं मला ठावं हाय गो. पण ह्ये शिंदी थोडंच? ह्ये कलमी."

मग मी जे तोंड सोडलं ते सोडलं.  सासऱ्यांनी खोडाच्या जखमेवर शेणमाती लिंपली, ओटीवर जाऊन बसले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. खोडावरून हात फिरवला. मग ढिगातून ती पोय ओढून काढली आणि अंगठ्याच्या नखाने चिरली. मी शेजारीच होते. नराच्या फुलोऱ्यातून पिठासारखी भुकटी उडते, हे मला लहानपणापासून माहीत. आत भुकटी नव्हती. गोल गोल मणी होते, ओळीने. मादी.

सासरे मागे उभे होते, मान खाली घालून. बाबांनी पोय मिटली, कोटाच्या खिशात घातली आणि वळून म्हणाले, "नर निघाला, व्याही. ह्याला काय फळ धरनार? जागा मोकळी झाली, बरं झालं. चला, च्या पाजा."

सासऱ्यांनी केवढा श्वास सोडला! त्यांनी चहाही घेतला आणि वर भाकरीही मागितली.

स्टेशनकडे जाताना मी म्हटलं, "बाबा, मी मणी पाहिले."

"पाह्यलेस तर पाह्यलेस. कुनाला बोलू नको. म्हातारा अन्न सोडंल."

पुन्हा तसं रोप करणं जमलं नाही. बंगला पाडून तिथे प्लॉट पडले, खजूरही गेला. आणि काही वर्षांनी बाबा गेले.

दहाव्याला सासरे मुरबाडला आले. आमच्या ओटीवर चार माणसांत सांगत होते, "माज्या हातनं त्यांचं झाड गेलं. पण नशीब माजं, नर निघाला. मादी असती तर मी त्यांना तोंड दाखवलं नसतं."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, "मामा, चहा घ्या." बाबांचा इतका राग मला जन्मात आला नव्हता. व्याह्याचं मन राखलं, स्वतः फळ न खाता गेले, आणि ते धरलं असतं हे गुपित माझ्या एकटीच्या पदरात टाकून गेले.